नागपूरच्या आसपास वादळांचा पाठलाग : कोणी करतं का?

आभाळवेडा

नमस्कार मंडळी. थेट विचारतो. नागपुरात राहून, घरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत, विजांच्या वादळांचा पाठलाग करणारं इथे कोणी आहे का?

अमेरिकेतले लोक दिवसाला पाच-सातशे किलोमीटर गाडी हाणत वादळामागे फिरतात, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मला तसं फिरायचं नाही. मी बेसा भागात राहतो, नोकरी मिहानमध्ये. हाताशी एक जुनी छोटी कार आणि संध्याकाळचे तीन-चार तास. मार्चपासून मृग लागेपर्यंत आपल्याकडे जी वादळं उठतात ती जगातल्या कुठल्याही वादळांइतकीच देखणी आहेत, असं माझं ठाम मत आहे. आपण मात्र ती खिडक्या लावून, दिवे गेले म्हणून कुरकुरत काढतो. घराजवळच पाठलाग करण्याचा मोठा फायदा म्हणजे रस्ते पाठ असतात. कुठल्या वळणावर झाडं आहेत, कुठे पाणी साचतं, कुठून झटकन बाहेर पडता येतं, हे परमुलखात कळत नाही.

तर, कुठे जायचं हे तुम्ही कसं ठरवता? थांबता कुठे? आणि परत केव्हा फिरता?

तर्रीपोहा

पाठलाग कशाला, आमच्या मानेवाड्यात वादळ घरपोच येतं. मागच्या वावधनात शेजाऱ्यांच्या कूलरची जाळी आमच्या अंगणात आली. परत द्यायला गेलो तर त्यांच्या अंगणात आमच्या टाकीचं झाकण. अदलाबदल करून चहा घेऊन आलो.

गच्चीवरून

मी करतो, पण गच्चीवरून. हसू नका, हाही पाठलागच आहे. पंधरा किलोमीटर उंचीचा ढग सपाट मुलखात चारशे किलोमीटरवरून क्षितिजावर दिसू शकतो, एवढं पृथ्वीच्या गोलाईचं गणित आहे. धुळीमुळे एवढं लांबचं दिसत नाही हे खरं, पण गोंदिया-बालाघाटवरचं वादळ नागपूरच्या गच्चीवरून मावळत्या उन्हात आख्खं दिसतं. खालचा बुंधा क्षितिजाआड, वर फुलत जाणारा पांढरा मनोरा, आणि माथ्यावर ऐरणीसारखा सपाट पसरलेला थर. सूर्य बुडाला की तोच ढग आधी केशरी, मग राखाडी होतो, आणि आतल्या विजा दिसायला लागतात. गडगडाट नाही, वारा नाही. ते वादळ आपल्यापासून लांब चाललेलं असतं, त्यामुळे जिवाला घोर नसतो.

गच्चीवर उभं राहायचं ते फक्त लांबच्या वादळासाठी. गडगडाट कानावर आला की मी खाली उतरतो.

डॉपलर

@आभाळवेडा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझा दिवस सोनेगावच्या फुग्यापासून सुरू होतो. हवामान खातं रोज पहाटे तिथून उपकरण बांधलेला फुगा सोडतं. तो वर जाताना तापमान, दमटपणा आणि वारा मोजत जातो. साडेपाचचं हे निरीक्षण सकाळी वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतं. केंद्र क्रमांक ४२८६७ टाकायचा, आलेख समोर येतो.

मी त्यात आधी दवबिंदू बघतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो अंश. तो जितका वर, तितकी हवा दमट. एप्रिलच्या ऐन कोरड्या दिवसांत तो ८-१० अंशांवर असतो. असल्या दिवशी ४४ अंश तापलं तरी काही होत नाही, नुसती लू. पण बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचा वारा आत शिरला की एका रात्रीत दवबिंदू १८-२० वर जातो. सकाळी अंग चिकचिकायला लागतं, कूलर नकोसा होतो. ज्या दिवशी नागपूरकर कूलरला शिव्या घालतो, त्या दिवशी मी पेट्रोल भरून ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या दमट हवेच्या वर, दीड-दोन किलोमीटरवर, वायव्येकडून आलेली कढत कोरडी हवा. ती कढईवरच्या झाकणासारखी बसते. झाकण दुपारपर्यंत टिकलं तर खाली सगळी ऊर्जा साठत राहते. तीन-चारच्या सुमारास कुठेतरी एका ठिकाणी ते फुटतं आणि तासाभराच्या आत ढगाचा माथा चौदा-पंधरा किलोमीटरवर जातो. म्हणून सकाळी दहालाच आभाळ फुगायला लागलं तर मी निवांत घरी राहतो, कारण ताकद थोडी थोडी करून वाया जाते. दोन वाजता आभाळ निळंशार, हवा दमट आणि वारा पडलेला, हा माझा दिवस.

तिसरी गोष्ट वरच्या वाऱ्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. त्यामुळे ढग तिरका उभा राहतो, त्यातला पाऊस वर चढणाऱ्या हवेला मारत नाही, आणि वादळ जास्त वेळ जगतं. शिवाय शून्य अंशाची पातळी खाली असते, म्हणून गारा न वितळता जमिनीपर्यंत पोचतात. मे महिन्यात ही पातळी पाच किलोमीटरच्या आसपास जाते. बऱ्याच गारा वाटेतच वितळतात, पण खालची हवा इतकी कोरडी असते की पडता पाऊस तिच्यात विरून ती हवा थंड आणि जड होते आणि धाडकन खाली आदळते. मेमधल्या वादळात झाडं आणि होर्डिंग जास्त पडतात ती त्यामुळे.

दुपारनंतर मग नागपूरचं डॉपलर रडार. ‘मॅक्स-झेड’ नावाचं चित्र उघडा, त्यात कडेच्या पट्ट्यांमध्ये ढगाची उंचीही दिसते.

आभाळवेडा

@डॉपलर, हात जोडतो. हे कुठल्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. झाकणाचं आत्ता नीट कळलं.

@गच्चीवरून, हसायचं काय त्यात? गोंदियाचा ढग मीही पाहिलाय, फक्त तो गोंदियाचा आहे हे माहीत नव्हतं.

सुसाट_वाडी

हे सगळं ठीक आहे, पण मजा आत शिरण्यात आहे. मी अमरावती रोडवर दोनदा गारांच्या मध्यात गाडी घातली. टपावर जो आवाज होतो तो लांबून बघणाऱ्याला कळायचा नाही. समृद्धीवर तर अजून छान, रस्ता मोकळा, एखाद्या पुलावर थांबायचं आणि चारी बाजू दिसतात.

वर्धारोड

@सुसाट_वाडी, समृद्धीवर मधेच गाडी थांबवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. १२० च्या वेगाने येणाऱ्या माणसाला पावसाच्या पडद्यात तुमची उभी गाडी दिसणार कशी? वीज राहिली बाजूला, मागून येणारा ट्रेलर तुम्हाला नेईल. कृपया असं इथे लिहू नका, पोरं वाचतात.

सुसाट_वाडी

बरं, समृद्धीचं मागे घेतो. गारांचं घेत नाही.

धंतोलीची_ताई

मी या विषयातली नाही, तरी लिहिते. माझा मुलगा कॉलेजात आहे. आभाळ आलं की तो आणि त्याचे मित्र दुचाक्या काढून फुटाळ्याला वीज बघायला जातात. तलावाच्या कठड्यावर बसून रील काढतात. मी ओरडले की म्हणतो, आई, टायर रबराचे असतात, काही होत नाही. हे खरं आहे का? कोणी नीट सांगेल का, म्हणजे त्याला वाचायला देईन.

निवृत्त_मास्तर

ताई, हे अजिबात खरं नाही. त्याला हा प्रतिसाद जरूर वाचायला द्या.

काही किलोमीटर हवा फोडून खाली आलेल्या विजेला दोन इंच रबर अडवू शकत नाही. कारमध्ये माणूस सुरक्षित राहतो तो टायरमुळे नाही, तर भोवतीच्या धातूच्या सांगाड्यामुळे. विजेचा प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो, आतल्या माणसातून जात नाही. अट एवढीच की काचा बंद हव्यात आणि धातूच्या भागांना हात लागलेला नको. दुचाकीला असा सांगाडाच नाही. तिच्यावर बसलेला माणूस मोकळ्या रस्त्यावरची सगळ्यात उंच वस्तू असतो. तलावाच्या काठावर तीच स्थिती.

झाडाखाली तर मुळीच नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसावर उडी मारते. शिवाय ती जमिनीत पसरते तेव्हा दोन पावलांमधल्या अंतरात विजेचा दाब तयार होतो. गाई-बैलांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून एका झाडाखाली एकदम पाच-सहा जनावरं दगावल्याच्या बातम्या येतात.

मोजायची रीत सोपी आहे. वीज चमकली की सेकंद मोजा, गडगडाट ऐकू आला की तीनाने भागा, तितके किलोमीटर. मोजणी तीस सेकंदांच्या आत आली की पक्क्या घरात किंवा बंद कारमध्ये जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. ढगाच्या माथ्यातून निघालेली वीज मूळ पावसापासून पंधरा किलोमीटरवरही पडू शकते, डोक्यावर निळं आभाळ असलं तरी. आपल्या देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांतली बहुतेक शेतात असतात. हे तर हौसेने मृत्यूच्या वाटेत जाऊन बसणं झालं. मी चाळीस पिढ्यांच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं असं म्हणत नाही, पण जी शिकवली त्यांतलं एकही असं गमवायची माझी तयारी नाही.

धंतोलीची_ताई

सर, मनापासून आभार. छापून त्याच्या टेबलावर ठेवते.

संत्रावाला_काटोल

राजेहो, कालपासून वाचून राह्यलो. तुमी वादळाच्या मांगं जाता, आमच्या मांगं वादळ येते.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आठवत असंन सगळ्याईले. मी बगीच्यातच होतो. मृग बहाराचा संत्रा झाडावर, तोडणी चालू. गारा दहा मिनिटं पडल्या असतीन, जास्त नाई. झाडाखाली फळाचा सडा, अन् जे फळ झाडावर राह्यलं त्याच्या एकाच अंगाले खड्डे, जिकून वारा होता तिकून. दुसऱ्या अंगानं पाह्यलं तं फळ एकदम साजरं. चार दिवसात खड्डे काळे पडले अन् तेही गळाले लागलं. फांद्याईची साल फुटली होती, तिच्यातून रोग घुसते म्हणून बोर्डो मारत फिरलो. व्यापाऱ्यानं ठरलेला सौदा सोडून देल्ला.

तुमी गारा पाहून सुंदर म्हणता तं मनाले लागते भाऊ. बंद करा म्हणत नाई मी. पण आमच्या शिवारात गाडी उभी करून आनंद मानू नका, एवढंच सांगणं.

आभाळवेडा

@संत्रावाला_काटोल, भाऊ, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. वादळ देखणं असतं हे माझं म्हणणं मी सोडत नाही, पण ते कोणाच्या वावरावर पडतंय हे विसरून बघणं मला मान्य नाही. जो माणूस रडारवर आणि आभाळावर डोळे लावून बसलाय, त्याला ते तुमच्याकडे निघालंय हे तुमच्याआधी अर्धा-पाऊण तास कळलेलं असतं. ते त्याने स्वतःपाशी ठेवणं चुकीचं आहे. आमच्यासारख्यांनी ते कळवलं तर तुम्हाला काही उपयोग होईल का? गारा थांबवता येत नाहीत हे कळतं.

संत्रावाला_काटोल

होते ना उपयोग. तोडलेला माल उघड्यावर असते, तो ताडपत्रीखाली घेता येते. फवारणी चालू असली तं थांबवता येते, नाईतं हजारोचं औषध वाहून जाते. बाया वावरात निंदाले असतात, त्याईले झाडाखालून उठवून घरी धाडता येते. हे सगळ्यात मोठं. अर्धा घंटा लय झाला.

उमरेडरोड

यात एक जोडतो. गहू-हरभऱ्याच्या पीकविम्यात गारपिटीचं संरक्षण असेल तर गारपिटीनंतर ७२ तासांच्या आत नुकसान कळवावं लागतं. त्या गडबडीत फोटो राहून जातात. पाठलाग करणाऱ्याकडे तारीख-वेळ-ठिकाणासह गारांचे फोटो असतात, ते शेतकऱ्याला पाठवले तर कामी येतात. आमच्या भागातल्या एकाचा दावा कंपनीने ‘त्या दिवशी गारा पडल्याच नाहीत’ म्हणून अडवला होता. शेजारच्या पोराच्या मोबाइलमधल्या व्हिडिओवर तो सुटला.

आणि हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सामान्य माणसालाही आपल्याकडच्या पावसाची, गारांची, वादळाची नोंद करता येते. फार कमी लोक करतात. रडार गारांचा अंदाज देतं, पण जमिनीवर नक्की काय पडलं हे सांगणारा माणूसच लागतो.

नेब्रास्काहून

मूळचा सक्करदऱ्याचा, सध्या ओमाहाला. इकडे हा छंद जुना आहे. डेव्हिड होडली नावाचे गृहस्थ १९५६ पासून नॉर्थ डकोटात आपल्या गावाभोवतीच्या वादळांमागे जायला लागले, त्यांना पहिला पाठलाग करणारा मानतात. म्हणजे सुरुवातच घराजवळून झाली.

इथे मैलामैलावर काटकोनात रस्ते आहेत, सपाट शेतं आहेत, तरी अपघात होतात. टिम समारास यांचं उदाहरण मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. ते उतावळे नव्हते, संशोधक होते. २००३ मध्ये साउथ डकोटात त्यांनी चक्रीवादळाच्या (म्हणजे टॉर्नेडोच्या) वाटेत ठेवलेल्या उपकरणाने हवेच्या दाबात १०० मिलिबारची घसरण नोंदवली होती. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ ते, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघेही गेले. ते चक्रीवादळ चार किलोमीटरहून रुंद झालं, वेग वाढला आणि दिशा बदलली. इतका अनुभवी माणूस वाचला नाही.

तसली चक्रीवादळं विदर्भात नेहमीची नाहीत, पण वादळ वळतं हे तिथेही खरंच आहे. म्हणून @सुसाट_वाडी यांच्याशी मी सहमत नाही. गारांच्या मध्यात समोरचं दिसत नाही, समोरची काच फुटली की गाडी हाताबाहेर, आणि आपल्या रस्त्यावर समोरून विनादिव्याचा ट्रॅक्टर येतो.

सुसाट_वाडी

ट्रॅक्टरचं पटलं. तरी जगण्यात थोडा धोका हवाच, हे माझं मत कायम.

निवृत्त_मास्तर

धोका तुमचा असतो, फोन मात्र तुमच्या आईला जातो.

मोहफूल

जरा विषयांतर. आमच्या आजोळी बुलढाण्याकडे भेंडवळच्या घटमांडणीवर फार श्रद्धा. अक्षय्य तृतीयेला मांडणी, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत. आणि इथे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कढत दिवसांत, पाऊस पडला की पुढचा पावसाळा बिघडला म्हणतात. यांचा काही उपयोग?

डॉपलर

लोकांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण उद्या चार वाजता कळमेश्वरला काय होईल हे मला ना घटमांडणी सांगते ना नवतपा. तेवढं सकाळचा दवबिंदू सांगतो.

तर्रीपोहा

आणि चार वाजता आलूबोंडा गरम कुठे मिळेल हे मी सांगतो. आभाळ आल्यावर हिंगणा टी-पॉइंटकडे गर्दी होते, आधीच बांधून घ्या. वादळात उपाशी राहू नये.

कोराडीकर

थांबायच्या जागेवरून : आमच्या घरापासून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तुम्ही शहराच्या दक्षिणेला असाल तरी गच्चीवरून दिसत असतीलच. उत्तरेकडून येणाऱ्या वादळाचं त्याहून चांगलं मोजमाप नाही. चिमण्यांमागचं आभाळ काळं झालं तरी वेळ आहे. खालचा अर्धा भाग पावसाच्या पडद्यात गेला आणि वरची टोकं दिसताहेत, म्हणजे पाऊस तिथे पोचला. ताशी चाळीसने निघालेल्या वादळाला तिथून शहराच्या मध्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रडारचं चित्र मिळेपर्यंत दहा मिनिटं जुनं झालेलं असतं, तेवढ्यात वादळ सहा-सात किलोमीटर सरकलेलं असतं. जवळ आल्यावर मोबाइल खाली ठेवा आणि डोळ्यांनी बघा.

वर्धारोड

हे फार महत्त्वाचं. उलटी बाजूही सांगतो. रडारची सगळ्यात खालची किरणरेघ शंभर किलोमीटरवर जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर वर असते. त्याखाली वारा काय करतोय हे तिला दिसतच नाही.

माझी पद्धत अशी. वादळाच्या थेट पुढे कधीच नाही, बाजूला, शक्यतो दक्षिणेला. पावसाच्या कडेपासून दहा-पंधरा किलोमीटर. गाडीचं तोंड पळायच्या दिशेला. जागा आधी दिवसा, कोरड्या हवेत बघून ठेवलेली. आजूबाजूला गुलमोहर नको, सुबाभूळ नको, ती आधी मोडतात. वर वीजवाहिनी नको, जवळ टिनाचं शेड नको. आणि परतीच्या वाटेवर भुयारी रस्ता नको. नरेंद्र नगरच्या रेल्वेपुलाखाली काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ज्या रस्त्यांवरून आपण रोज जातो तिथून माणसांना बोटीतून काढावं लागलं. नागपुरात पाठलाग करताना वाऱ्याइतकंच पाण्याला भ्या.

चंदेरी_फ्रेम

फोटोबद्दल कोणीच बोललं नाही. रात्रीच्या विजांसाठी कॅमेरा गाडीत, काचेच्या क्लॅम्पवर. आयएसओ १०० किंवा २००, एफ ८, शटर दहा ते वीस सेकंद उघडं, एकामागून एक घेत राहायचं. फोकस हाताने लांबच्या दिव्यावर लावा. वादळ येतानापेक्षा गेल्यावर चांगले फोटो मिळतात. ते भंडाऱ्याकडे सरकलं की माथ्याच्या खालच्या बाजूने विजा आडव्या पसरत जातात, एकेक दोन-तीन सेकंद. तेव्हा कामठी रोडच्या बाजूला, अर्थात गाडीतूनच.

आभाळवेडा

आज संध्याकाळी योग आहे असं दिसतंय. सकाळचा दवबिंदू २०, दुपारी दोनला आभाळ स्वच्छ, पंखा लावूनही घाम. साडेतीनला सुटतोय.

डॉपलर

आहेच. झाकण मजबूत आहे, फुटलं तर काटोल-वरूड पट्ट्यात फुटेल. वरचा वारा वायव्येचा, म्हणजे आग्नेयेला सरकेल. पूर्वेला थोडं जास्तच.

संत्रावाला_काटोल

४:०५. वरूडच्या अंगाले ढग उभा राह्यला. पांढराफेक, कडा एकदम धारदार. आमच्याकडं पान हलत नाई.

डॉपलर

रडारवर आला. वीस मिनिटांत माथा ९ वरून १४ किलोमीटर. मधे गडद लाल. काटोलच्या उत्तरेने निघेल असं वाटतं. भाऊ, माणसं वावरातून काढा.

संत्रावाला_काटोल

काढली. माल झाकून राह्यलो.

आभाळवेडा

४:५०. गोंडखैरीच्या अलीकडे, एका बंद ढाब्याच्या पटांगणात आहे. गाडी हिंगण्याच्या दिशेला तोंड करून, काचा बंद. उत्तरेला आख्खं आभाळ निळसर काळं, आणि त्याच्या पुढच्या कडेला जमिनीला समांतर एक लांब राखाडी पट्टा, खालून फाटका. पट्ट्याखालून तांबडी धूळ उठताना दिसते. वीज ते गडगडाट छत्तीस सेकंद. म्हणजे बारा किलोमीटर.

संत्रावाला_काटोल

वारा लय झाला, गारा बारीक, पाचेक मिनिटं. मोठ्या उत्तरेले पडल्या असतीन. लाइन गेली. माणसं सगळी घरी.

कोराडीकर

५:२५. चिमण्यांची फक्त टोकं दिसतात. कढत वारा एकदम थांबला, कावळे गप्प. आता उत्तरेकडून थंड झोत, मातीचा वास. दारातल्या तापमापीत ४१ होते.

५:४०. २६ अंश. टिनांवर गारा. पट्टीने मोजली, सगळ्यात मोठी सव्वादोन सेंटीमीटर. सुरीने कापली तर आत एक दुधी थर, मग काचेसारखा पारदर्शक, पुन्हा दुधी. हवामान खात्याच्या पानावर नोंद करतोय.

मोहफूल

थर का पडतात असे?

डॉपलर

जिथे पाण्याचे थेंब कमी आणि थंडी जास्त तिथे ते आदळताक्षणी गोठतात, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी दिसतो. जिथे पाणी जास्त तिथे ते सावकाश गोठतं, हवा निसटते, थर पारदर्शक होतो. गार ढगाच्या कुठल्या कुठल्या भागातून फिरून आली ते त्यात दिसतं.

आभाळवेडा

६:१५. मोजणी पंचवीसवर आली, कडा दक्षिणेला वळायला लागली म्हणून निघालो. हिंगण्यामार्गे बेशाला पोचलो, अंगावर थेंबही नाही. पूर्वेला आता ढगाचा पाठीमागचा भाग उन्हात उजळलाय. @गच्चीवरून, वर या.

गच्चीवरून

वरच आहे. गडगडाट थांबून अर्धा तास झाल्यावर चढलो.

सुसाट_वाडी

मी आज घरी होतो. वाडीत दोन झाडं आडवी झाली, त्यातलं एक मी नेहमी गाडी लावतो तिथेच. उद्या @वर्धारोड यांच्याकडून जागांची यादी घेतो.

वर्धारोड

या. रविवारी सकाळी, कोरड्या हवेत, एकेक जागा प्रत्यक्ष दाखवतो. हिंगणा, गोंडखैरी, उमरेड रोड. ज्यांना यायचं त्यांनी इथे कळवा. दुचाकीवाल्यांनी माझ्या गाडीत बसा.

धंतोलीची_ताई

माझ्या मुलाला पाठवते. दोन मित्र पण आहेत त्याचे. चालेल ना भाऊ?

वर्धारोड

चालेल ताई. मागच्या सीटवर तिघं बसतात.

संत्रावाला_काटोल

लाइन आत्ता आली. बगीचा पाहून आलो, आमच्याकडं नुकसान कमी. उत्तरेकडच्या दोन गावांत गहू झोपला म्हणतात. @उमरेडरोड, ते ७२ तासाचं इथं एकदा नीट लिहून टाका, मी त्याईले पाठवतो. अन् @कोराडीकर, तुमचा गारेचा फोटो, पट्टीसकट.

उमरेडरोड

लिहितो लगेच. त्या गावांची नावं आणि गारा किती वाजता पडल्या ते मला कळवा, बाकीचे फोटो मी गोळा करतो.